सोवळ्यातला डबा

आमच्या बार्शीत हल्ली माणसाला कोणी काही विचारत नाही, डब्याला विचारतात. मुलगा कसा आहे? डबा आणा. ड्रायव्हर कसा आहे? डबा आणा. उद्या कोणी मेलं तर स्मशानातही आधी त्याचा डबा वाचतील आणि मग ठरवतील, रडायचं की घरी जायचं. पूर्वी मला या लोकांची कीव यायची. आता तीही येत नाही, नुसता वीट येतो.

डबा म्हणजे जेवणाचा नव्हे, बॅटरीचा. आठ वर्षांपूर्वी सरकारनं देशभर एकच माप ठरवून दिलं. वीतभर लांब, सव्वा किलो वजन, वर उचलायला कडी. स्कूटरला एक, रिक्षाला चार, शाळेच्या छोट्या बसला चाळीस. त्याला काहीतरी भारदस्त सरकारी नाव आहे, पण ते सरकारलाही आठवत नसेल. लोकांनी पहिल्याच दिवशी डबा म्हटलं आणि तो डबाच राहिला.

मी रमाकांत हिंगमिरे. वय सहासष्ट. तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये वीज शिकवली आणि चाळीस वर्षं विमानं उडवली. छोटी विमानं, स्वतः बनवलेली, रेडिओवर चालणारी. त्यांना 'खेळण्यातली विमानं' म्हणणाऱ्याशी मी दुसरं वाक्य बोलत नाही. आत्ताच्या विमानाचे पंख सात फुटांचे आहेत, त्यातली एकेक फासळी मी ब्लेडनं कापलेली आहे. आणि एक सांगून ठेवतो, हे आज डब्यावर ज्ञान पाजळणारे स्कूटरवाले पेट्रोलच्या रांगेत उभे होते तेव्हा आम्ही विजेवर उडत होतो. बॅटरी म्हणजे काय, हे आम्ही विमानं पाडून पाडून शिकलो.

त्यातली पहिली गोष्ट अशी, की बॅटरी भरलेली आहे यावर जायचं नाही. टाकी काठोकाठ भरलेली असेल, पण तोटी गंजलेली असेल तर बादलीत धार करंगळीएवढीच पडणार. बॅटरीच्या आतही अशी तोटी असते. तिला आम्ही आतला रोध म्हणतो. जुनी झालेली, हाल झालेली बॅटरी जास्त रोध दाखवते. विमान जमिनीवरून उठताना एकदम सगळी ताकद मागतं, आणि रोध जास्त असला की वीस फुटांवरून नाक खाली करून आपटतं. म्हणून आमच्यातला कोणीही रोध मोजल्याशिवाय बॅटरी उचलत नाही. घरातल्या चार बॅटऱ्या मोजायच्या आणि सगळ्यात कमी रोधाची न्यायची. हात आपोआप मीटरकडे जातो.

आता या डब्यांमधलं नवं असं, की त्यांच्या आत पातळ द्रव नाही, सगळा मालच घट्ट आहे. त्यातून एकदम जोराचा प्रवाह ओढला की आतल्या एका पृष्ठावर केसाहून बारीक थर बसतो. हळू ओढला तर थर पातळ, जोरात ओढला तर जाड. दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारवा यांचीही एकेक रेघ पडते, त्यामुळे दिवस मोजता येतात. चार वर्षांपूर्वी कोणीतरी शोधून काढलं, की डब्यातून वेगवेगळ्या कंपनांचा हलकासा प्रवाह सोडला आणि उत्तरादाखल काय येतं ते ऐकलं, की हे थर एकामागून एक वाचता येतात. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती जोरात. आणि हे पुसता येत नाही, कारण ही कुठे लिहून ठेवलेली माहिती नाही; तो पदार्थच तसा घडलेला आहे. शोध सुंदर आहे, मी टोपी काढतो. जुना डबा विकत घेताना फसू नये एवढ्यासाठी तो होता.

पण गाढवाच्या पाठीवर मखर ठेवलं म्हणून ते देव होत नाही. आमच्या लोकांनी त्याची पत्रिका केली. जो स्कूटर झटक्यात पळवतो तो तापट, जो हळू चालवतो तो सोशिक. झालं! आधी विमावाल्यांनी डबे मागितले, मग मुलीच्या बापांनी, मग नियमच निघाला. शाळेची बस, रुग्णवाहिका, रिक्षा चालवायची असेल तर दरवर्षी स्वतःच्या स्कूटरचा डबा वाचन केंद्रात नेऊन स्वभावाचा दाखला घ्यायचा.

आणि नियम आला की आमची अक्कल कुठे धावते? पळवाटेकडे! घरोघरी दोन डबे झाले. एक रोजचा, घरातल्या म्हाताऱ्याच्या नावावर. दुसरा स्वतःच्या नावावर, दाखवायचा. त्याला म्हणायचं सोवळ्यातला डबा. तो पिवळ्या फडक्यात गुंडाळून उंच ठेवायचा, कोणी शिवायचं नाही, आणि दोन दिवसांनी स्कूटरला लावून मंडईपर्यंत मुंगीच्या पावलानं जाऊन यायचं. आमच्या गल्लीतले नरसिंगे गुरुजी तर लोकांचे डबे फिरवून देतात. अठराच्या वेगानं, टोपी घालून, भगवंताच्या देवळाला रोज अकरा प्रदक्षिणा. सगळ्यांना सगळं ठाऊक, वाचणाऱ्यांनाही ठाऊक, आणि सगळे गंभीर चेहरा करून दाखले वाटतात.

आमच्या घरात असलं काही नाही, असं मी छातीठोक सांगत होतो. मूर्ख होतो.

माझी सून ऋतुजा शाळेची बस चालवते. मुलगा हैदराबादला, हिची नोकरी इथे, म्हणून आम्ही दोघं बार्शीच्या घरात राहतो. सुरुवातीला मला ते फारसं रुचलं नव्हतं. इंजिनिअरची बायको आणि बस चालवणार! पण ती सकाळी पावणेसातला निघायची ती अशी, की एखादी मुलगी लग्नाला निघावी. छत्तीस पोरांची नावं, कोणाला गाडी लागते, कोण आईला सोडताना रडतं, सगळं पाठ. त्या बसशिवाय तिला दुसरं काही करायचं नव्हतं.

जूनमध्ये एका दुपारी ती वाचन केंद्रातून आली आणि चप्पल न काढता खुर्चीत बसली.

"परवाना थांबवला, आप्पा."

"कोणाचा?"

"माझा. डब्यावर निघालं, मी दर रविवारी सकाळी सातला शर्यत लावते. पूर्ण ताकद, दहा मिनिटं, मध्ये पाच-सहा जबरदस्त झटके. पाच महिने. ते साहेब मला म्हणाले, बाई, तुमच्या हातात छत्तीस पोरं कशी द्यायची?"

"रविवारी तर तू वैरागला असतेस, आईकडे. बसनं जातेस."

"तेच सांगितलं. ते म्हणाले, डबा खोटं बोलत नाही."

मी हसलोच. म्हटलं, "बघितलंस? या उंटावरच्या शहाण्यांचं यंत्र! अगं, आधी डबा तरी तुझाच होता का त्यांच्या हातात?"

"माझाच. फ्रिजच्या वर ठेवलेला. पिवळ्या फडक्यातला."

माझं हसू तिथेच विझलं.

तो डबा मी ओळखत होतो. जानेवारीत विमानासाठी डबा हवा होता. घरात दोन होते. सवयीनं दोन्ही मोजले. स्कूटरमधल्याचा रोध बरा होता, पण फडक्यातल्याचा इतका कमी, की दुकानातल्या नव्यालाही लाजवेल. फडकं बघून शंका यायला हवी होती, पण आमच्या घरात असलं नाही या तोऱ्यात मला वाटलं, जादाचा आणून ठेवला असेल. विमान उडवणारा माणूस दुसरं काय करणार? दर रविवारी सकाळी ती वैरागला गेली, की मी तो घेऊन माळावर जायचो. जमिनीवरून उठताना पूर्ण ताकद, मग आकाशात पाच-सहा कोलांट्या, प्रत्येक कोलांटीला पुन्हा पूर्ण ताकद. दहा मिनिटांत उतरायचं, डबा भरायचा, फडक्यात गुंडाळून होता तिथे ठेवायचा.

"ऋतुजा," मी म्हटलं, "ती शर्यत माझी आहे."

सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं वाकून आता कुठे चपला काढल्या.

"पण तू कशाला ठेवलास असला डबा?" उलट मीच चढ्या आवाजात विचारलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. "तूसुद्धा त्या मेंढरांतली?"

"शाळेत सगळे ठेवतात. मला म्हणाले, एखाद्या दिवशी कुत्रं आडवं येईल, तू जोरात काढशील, तेवढ्या एका थरावर परवाना जाईल. घाबरले मी. मागच्या वर्षी तुमची सही घेतली नव्हती का एका कागदावर? स्कूटरमधला डबा तुमच्या नावावर आहे."

म्हणजे घरोघरच्या म्हाताऱ्यांत मीही होतो. सही करताना कागद वाचला नव्हता.

मग दोघं बसलो. अपिलाला आठ दिवस होते. विमानाचं खरं सांगितलं, तर ते विचारणार, मग स्कूटर कोणत्या डब्यावर चालत होती? दोन डबे ठेवल्याचं कळलं, तर फसवणूक म्हणून पाच वर्षं बंदी. शेवटी वाट मीच काढली. स्कूटरमधला डबा माझ्या नावावर आहेच. सांगायचं, की मागच्या वर्षी विमान बनत होतं तेव्हाच त्याच्यासाठी मी तिचा चांगला डबा पळवला आणि माझा गुपचूप तिच्या स्कूटरला लावला. तिला ठाऊकच नव्हतं. तेव्हा तिचा स्वभाव बघायचा असेल तर माझ्या नावाचा डबा वाचा.

"यात तुमचा उडवायचा परवाना जाईल," ती म्हणाली. "रस्त्याचा डबा हवेत नेणं गुन्हा आहे. विमान जप्त करतील."

"करू देत."

"आप्पा, ते विमान तुम्ही दोन वर्षं बनवत होतात."

"अगं, करू देत म्हटलं ना!"

खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. मग ती म्हणाली, "एक बरं आहे. स्कूटरमधला डबा त्यांनी खुशाल वाचावा. मी बस चालवते तशीच स्कूटर चालवते. त्यात लपवण्यासारखं काही नाही."

"मला कशाला सांगतेस?" मी म्हटलं. "मला काय माहीत नाही?"

मंगळवारी दुपारी ती बसच्या किल्ल्या परत द्यायला शाळेत गेली. चालत गेली. स्कूटर अंगणात उभी होती.

मी काही वाईट हेतूनं गेलो नव्हतो. पण डोक्यात किडा वळवळत होता. सगळं माझ्या या एका चालीवर उभं, आणि तो डबा आत काय घेऊन बसलाय कोणास ठाऊक! आजकालची पोरगी, मोकळा रस्ता, दिला असेल कधी स्कूटरचा कान पिळून. तिथे सगळ्यांसमोर काही निघालं तर? उडवण्याआधी मोजायचं, एवढंच मला चाळीस वर्षं माहीत. कपाटात मीच जोडलेलं एक यंत्र होतं, सरकारी वाचकाएवढंच चांगलं. त्यांना ते बनवायला कोट्यवधी लागले, मला जुना रेडिओ लागला. डबा काढला, लावला आणि वाचला.

चौदा महिन्यांचे थर होते. पातळ, एकसारखे, एखाद्या सुगरणीनं लाटलेल्या पोळ्यांसारखे. कुठे झटका नाही, कुठे राग नाही. सोवळ्यातल्या डब्यापेक्षा हा रोजचा डबा सोवळा निघाला. मी डबा परत लावला, यंत्र कपाटात ठेवलं आणि चहा करून प्यायलो. छान झोप लागली मला.

शुक्रवारी सुनावणी. ती डबा लावलेल्या स्कूटरवर आली, मी रिक्षानं. वाचन केंद्र म्हणजे काचेच्या दारांचा एक हॉल. भिंतीवर शांत चेहऱ्याच्या ड्रायव्हरांचे फोटो, सगळे गेल्या जन्मी गोगलगाय असल्यासारखे. अधिकारी कोंडे नावाचा तिशीतला मुलगा. मी त्याला मनातल्या मनात तीन शिव्या देऊनच खुर्चीवर बसलो.

माझी कहाणी मी झोकात सांगितली. विमानाचा फोटो दाखवला, माळावरच्या रविवारांच्या तारखा दिल्या. कोंडेनं सोवळ्यातल्या डब्याचे थर पडद्यावर आणले, तारखा जुळवल्या आणि मान हलवली.

"जुळतंय. रस्त्यावर असे झटके येत नाहीत, हे मलाही खटकलं होतं." तो ऋतुजाकडे वळला. "मॅडम, तुमचे सासरे चोर आहेत असं ते स्वतः म्हणतायत. तुमचं काय म्हणणं?"

"मला काही माहीत नव्हतं," ती म्हणाली. ठरलेलं वाक्य, पण तिचे कान लाल झाले.

"ठीक. आजोबांचा उडवण्याचा परवाना रद्द, विमान जमा करावं लागेल. आता स्कूटरमधला डबा बघू."

डबा आला. कोंडेनं यंत्र लावलं. पडद्यावर तेच पातळ, एकसारखे थर एकामागून एक सरकू लागले. त्यानं बाजूच्या टेबलावरच्या मुलीला बोलावून दाखवलं.

"चौदा महिने," तो म्हणाला. "मॅडम, असा डबा मी वर्षभरात पाहिला नाही. आम्हाला काय कळत नाही का, लोक काय काय करून आणतात ते! पण हा वापरलेला डबा आहे. रोजचा. पावसातला, खड्ड्यांतला. हा खराच आहे."

ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं आणि हसली. गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, जिंकलो. आणि असंही वाटलं, की हे सगळं मी केलं.

कोंडे शेवटच्या थरांशी आला आणि थांबला. मोठं करून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"हे काय आहे?"

"काय?" मी विचारलं.

"मंगळवारी दुपारी साधारण तीन वाजता या डब्यावर एक वाचन झालंय. आमच्या यंत्राचं नाही. आमचं यंत्र फार हलका प्रवाह सोडतं, त्याची खूण उरत नाही. हे कुठल्यातरी घरगुती यंत्राचं आहे. वाचनाचा स्वतःचाच थर बसलाय."

तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं होतं, की मोजमाप करताना मोजायची वस्तू आपण थोडी बदलतो. पहिल्या वर्षाचा धडा.

"बाहेर वाचलेला डबा पुरावा म्हणून चालत नाही," कोंडे म्हणाला. "नियमच आहे, असा डबा आणणाऱ्याचा परवाना तीन वर्षं बंद. लोक दहा डबे घरी वाचतात आणि त्यातला बरा निघेल तो घेऊन येतात."

"हा तसा नाही!" मी म्हटलं. "आत्ता तुम्हीच म्हणालात, खरा आहे."

"म्हणालो. मला अजूनही तसंच वाटतं. पण मला काय वाटतं ते मी लिहू शकत नाही. वर पाठवलं तर पहिला प्रश्न हाच येईल, आधी वाचून का बघितला?"

"मीच वाचला. सवय आहे मला. विमान उडवणारा माणूस मोजल्याशिवाय..."

"आजोबा," तो अगदी हळू म्हणाला, आणि त्या आवाजात कुचेष्टा असती तर मला बरं वाटलं असतं. "हिच्यासोबत एका घरात तुम्ही राहता. तुम्हालाच खात्री नव्हती. ती मी कुठून आणू?"

मी त्याला उत्तर देणार होतो. नियमाला, केंद्राला, भिंतीवरच्या गोगलगायींना, सगळ्यांना मिळून एक सणसणीत उत्तर द्यायची माझी तयारी नेहमीच असते. त्या दिवशी मी विमानाचा फोटो उचलून खिशात घातला.

तीन वर्षं परवाना बंद, असा कागद मिळाला. शाळा तीन वर्षं थांबणार नव्हती. त्यांनी सोमवारपासून दुसरा माणूस घेतलाही होता. नरसिंगे गुरुजींनी डबा फिरवून दिलेला.

बाहेर आल्यावर ती स्कूटरच्या आरशाला हात लावून उभी राहिली.

"मंगळवारी," ती म्हणाली, "म्हणजे मी किल्ल्या द्यायला गेले होते तेव्हा?"

"हो."

"मी आधीच सांगितलं होतं तुम्हाला. लपवण्यासारखं काही नाही म्हणून."

"हो."

"तुम्ही म्हणालात, मला काय माहीत नाही."

डब्याला विचारणाऱ्यांवर मी चार वर्षं थुंकत होतो, आणि माझ्या घरातलं माणूस समोर बसून सांगत असताना मी उठून डब्याला विचारायला गेलो होतो. मेंढरांची बरोबरी तरी कशाला करू? मेंढरं निदान कळपात असतात.

मी रिक्षा बघायला लागलो. ती म्हणाली, "कशाला? बसा."

मी मागे बसलो. तिनं स्कूटर काढली. पोस्टाच्या अलीकडे गतिरोधक आहे, तिनं पन्नास पावलं आधीच वेग कमी केला. मला धक्का जाणवलाही नाही. पेरूची हातगाडी आडवी येत होती, ती थांबली, गाडीवाल्याला हातानं 'जा' म्हणाली. शाळेसमोर रस्ता मोकळा होता, दुपारची वेळ, एक पोर दिसत नव्हतं, तरी ती तिथे पायरी उतरल्यासारखी हळू झाली. आता तिला कोणाला काही दाखवायचं नव्हतं. परवाना गेलाच होता. ती रोज अशीच चालवत असणार.

तिच्या लग्नाला चार वर्षं झाली. तिच्या स्कूटरवर मागे बसायची ही माझी पहिलीच वेळ होती.